हँगओव्हर घरभर

प्रत्येक ऑफिसात एक 'स्प्राइटवाला' असतो. शुक्रवारची पार्टी असो, कुणाचं प्रमोशन असो, नाहीतर कुणाचा लास्ट डे... सगळे चीअर्स करत असतात आणि हा कोपऱ्यात स्प्राइटमध्ये लिंबू पिळून मसाला पापडावर ताव मारत असतो. 'माळ घातलीयेस का रे?' हा जोक दर वेळी कुणीतरी मारतंच. तो हसतो. रात्री एक वाजता सगळ्यांना आपापल्या घरी सोडायचं काम त्याच्याकडेच येतं. कुणाला कुठे धरायचं, कुणाला उलटी होणार, कुणाची चप्पल गाडीत राहिली, हे सगळं तो इतक्या सफाईने सांभाळतो की वाटावं, याला लहानपणापासूनची सवय आहे.

तर बॉस, बऱ्याचदा असतेच.

माझ्या ओळखीचा एक स्प्राइटवाला मुखेडचा आहे. मुदखेड नव्हे, मुखेड. (हे तो प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. मुदखेडला रेल्वेचं जंक्शन आहे. मुखेडला जायचं तर नांदेडला उतरून एसटी, नाहीतर पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स.) नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. एका अंगाला लातूरचं उदगीर आणि जळकोट, दुसऱ्या अंगाला देगलूर आणि पुढे तेलंगणा. इथली माणसं कामासाठी हैदराबादलाही जातात आणि मुंबई-पुण्यालाही येतात. हा हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागला. घरी माय, नाना आणि बारावीतली बहीण. त्याचं नाव सांगणार नाही, गाव कुठलं तेही नाही. 'लिही, पण माय ओळखू येऊ नये,' एवढीच त्याची अट.

रात्री नऊला त्याचा घरी फोन असतो. बाकीची पब्लिक त्या वेळी काय मागवायचं यावर वाद घालत असते, आणि हा बाल्कनीत उभा. फोनवर मायची स्वतःची एक भाषा आहे, शेजारणीला कळू नये म्हणून तयार झालेली. 'नानाला बरं नाही' म्हणजे पिऊन आलेत. 'जास्तच बरं नाही' म्हणजे काहीतरी फुटलंय, भांडं किंवा माणूस. 'आज जेवून निजले' म्हणजे गुड न्यूज. तो मायचं बोलणं ऐकतच नाही खरं तर, मागचा आवाज ऐकतो. टीव्ही चालू असेल तर ठीक. टीव्ही बंद असेल तर तो बहिणीला वेगळा मेसेज टाकतो.

आणि मग त्याने मला त्याची एक्सेल शीट दाखवली.

हसू नका. टेस्टर माणूस तो, सवयच तशी. तारीख, वार, नाना किती वाजता आले, किती प्यायले असावेत (मायच्या अंदाजाने), पैसे कुठून आले, आदल्या दिवशी काय झालं होतं. चौदा महिन्यांचा डेटा! सोमवार ते रविवार रंग दिलेले, लाल, पिवळा, हिरवा. त्याला पॅटर्न शोधायचा होता. म्हणजे नक्की कशामुळे ट्रिगर होतं ते कळलं की फिक्स करता येईल. भांडणामुळे? मग मायला सांगायचं, भांडू नको. शेतीच्या टेन्शनमुळे? मग पैसे जास्त पाठवायचे. बहिणीच्या कमी मार्कांमुळे? मग तिला क्लास लावायचा. चौदा महिन्यांत त्याने हे सगळं करून पाहिलं. लाल रंग होता तसाच राहिला. एकच गोष्ट शीटमध्ये स्वच्छ दिसत होती, ती म्हणजे त्याने पैसे पाठवले की पुढचे तीन दिवस लाल.

मला त्या शीटमध्ये दुसरंच काहीतरी दिसलं. सगळे कॉलम नानांचे होते. माय त्या दिवशी जेवली का, बहीण अभ्यासाला बसली का, हा स्वतः झोपला का, याला एकही कॉलम नाही. चार माणसांचं घर, आणि तिघंजण चोवीस तास चौथ्याचं हवामान बघत बसलेले.

दारूच्या व्यसनाला डॉक्टर आजार म्हणतात, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण तो आजार ज्या घरात असतो, तिथल्या न पिणाऱ्यांनाही काहीतरी होतं आणि त्यावर स्वतंत्र उपाय असतो, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं. आपल्या डोक्यात क्रम ठरलेला असतो. आधी त्यांची दारू सुटू दे, मग आमचं आपोआप नीट होईल.

या क्रमाचा प्रॉब्लेम आकड्यात सांगते. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातल्या जवळपास ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. त्यातले निम्म्याच्या आसपास पूर्ण व्यसनाधीन. आणि अशा व्यसनाधीन ३८ जणांमागे एकालाच कुठल्याही प्रकारचा उपचार मिळालेला. दाखल होऊन उपचार घेतलेला तर १८० जणांमागे एक! म्हणजे 'आधी त्यांचं, मग आमचं' असं ठरवून बसलेल्या ३८ घरांपैकी ३७ घरं नुसतीच वाट बघतायत. किती वर्षं? मुखेडच्या त्या घरात सतरा.

हे वाट बघणं आपल्याकडे चांगलं मानलं जातं, ही आणखी एक गोची. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगमंचावर आलं १९१९ मध्ये, गडकरी गेले त्याच वर्षी. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची. सुधाकर पितो, वकिली जाते, घर जातं, पोर जातं, आणि सिंधू दळणं दळत त्याला पाठीशी घालत राहते. शंभर वर्षं झाली, आपण सिंधूसाठी रडतोय. नाटकात सुधाकरला सावरायला मित्र आहेत, बिघडवायला तळीराम आहे. सिंधूला मात्र कुणी बाजूला घेऊन विचारत नाही, की बाई, तू या सगळ्यात कशी आहेस? गडकऱ्यांना दोष देत नाहीये, त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. पण आपण त्या बाईची आरती करून मोकळे झालो. मुखेडपासून मुलुंडपर्यंत कितीतरी घरांत आजही तिचाच रोल चालू आहे, आणि प्रेक्षकांतल्या काकू-मावश्या म्हणतात, 'सोन्यासारखी बाई, म्हणून टिकलंय घर.'

पुण्यात ज्यांनी हे वेगळ्या बाजूने पाहिलं, त्यात मुक्तांगण आलंच. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी पैसे दिले आणि १९८६ मध्ये येरवड्यात मुक्तांगण उभं राहिलं, ही गोष्ट मराठी वाचकाला तोंडपाठ असते. केंद्र प्रत्यक्षात उभं करणाऱ्या होत्या डॉ. अनिता अवचट, येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञ. त्या १९९७ मध्ये कॅन्सरने गेल्या. पुढची धुरा त्यांच्या मुलीने, मुक्ता पुणतांबेकर यांनी उचलली. या गोष्टीत एक तुकडा सहसा गाळला जातो. मुक्तांगणात पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. नवऱ्याला कसं सुधारायचं याचं ट्रेनिंग तिथे नसतं. त्या एकत्र बसतात आणि स्वतःबद्दल बोलतात. ज्या बाईने दहा वर्षं 'घरातलं बाहेर नको' म्हणून ओठ शिवून घेतलेत, तिला समोरच्या खुर्चीवरची अनोळखी बाई तिचीच कहाणी सांगतेय हे ऐकून काय होत असेल, याची कल्पना करा.

याचं मूळ शोधायला गेलं तर अमेरिकेतला एक बूट सापडतो. सिरियसली! अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ज्यांनी १९३५ मध्ये सुरू केलं, त्यांतल्या बिल विल्सन यांनी त्याआधी काही महिने दारू सोडली होती. बायकोचं नाव लोइस. सतरा वर्षं तिने त्याला सांभाळलं, नोकरी केली, उचलून घरी आणलं. आता तो पीत नव्हता, मीटिंगला जात होता, सगळं छान होतं. एका रविवारी त्याने तिला मीटिंगला चल म्हटलं आणि या बाईने हातातला बूट जोरात फेकून मारला. खड्ड्यात गेल्या तुझ्या मीटिंगा! मग तिची तीच दचकली. दारू तर सुटलीये, मग मी एवढी का चिडलेय? त्या प्रश्नापासून सुरू झालेला प्रवास १९५१ मध्ये 'अल-अनॉन'पर्यंत गेला, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचे स्वतःचे गट. १९५७ मध्ये किशोरवयीन मुलांसाठी 'अलाटीन' आलं, तेही कॅलिफोर्नियातल्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या पुढाकाराने. या गटांत फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही, उपदेश नाही. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत अल-अनॉनच्या मीटिंग होतात, मराठीतही होतात. लॉकडाऊनपासून ऑनलाइनही भरायला लागल्या, त्यामुळे मुखेडसारख्या गावातून हेडफोन लावून बसता येतं.

तिथे पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगतात. ही दारू तुमच्यामुळे लागलेली नाही, तुम्ही ती कंट्रोल करू शकत नाही, तुम्ही ती बरी करू शकत नाही. आमच्या एक्सेलवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो पाच मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, 'म्हणजे चौदा महिने मी चुकीचं सॉफ्टवेअर टेस्ट करत होतो.'

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे काय, हात झटकायचे? मलाही सुरुवातीला ते थंड वाटलं होतं. पण हात झटकणं आणि हात सोडवून घेणं यात फरक आहे. नाना रात्री अंगणात पडले, थंडी असेल तर अंगावर घोंगडी टाकायची, कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. हे माणुसकीचं झालं. पण सकाळी त्यांच्या शाळेत 'सरांना ताप आहे' असा फोन करायचा नाही. (नाना शिक्षक नाहीत, उदाहरण म्हणून सांगतेय.) त्यांची बाहेरची उधारी भरायची नाही. रात्री त्यांच्याशी वाद घालायचा नाही, कारण त्या वेळी समोर माणूस नसतो, बाटली असते. बोलायचं ते सकाळी, शुद्धीत असताना, थोडक्यात आणि आपल्याबद्दल. 'तुम्ही वाया गेलात' यापेक्षा 'काल रात्री मी घाबरले होते' हे ऐकून घेणं त्यांना सोपं जातं.

यात प्रेमाला जागा आहे, आणि त्याचा उपयोगही होतो. अमेरिकेत रॉबर्ट मायर्स आणि सहकाऱ्यांनी घरच्यांना शिकवण्याची 'क्राफ्ट' नावाची पद्धत तयार केली. तो शुद्धीत असताना त्याच्याबरोबर वेळ छान घालवायचा, प्यायला की शांतपणे बाजूला व्हायचं, स्वतःचं आयुष्य पुन्हा सुरू करायचं आणि योग्य क्षण पाहून उपचाराचा विषय काढायचा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, या पद्धतीने शिकलेल्या घरांपैकी ६४ टक्के घरांत, आधी साफ नकार देणारा माणूस उपचाराला तयार झाला. घेराव घालून, सगळ्या नातेवाइकांसमोर सुनावायच्या पद्धतीने ३० टक्के. म्हणजे आपली ती मामा-काका-सरपंच बोलावून बैठक बसवायची लाडकी आयडिया निम्म्यानेच चालली. अल-अनॉनच्या धर्तीवरच्या सल्ल्याने १३ टक्के, पण त्यांचा उद्देशच त्याला दवाखान्यात नेणं हा नसतो, घरच्यांनी सावरणं हा असतो. आणि घरच्यांचं मन तिन्ही पद्धतींत हलकं झालं.

जवळचं उदाहरण हवं? गोव्यात 'संगाथ' ही संस्था मानसिक आरोग्यावर १९९६ पासून काम करतेय. त्यांनी व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठीच 'सेफ' नावाचा कार्यक्रम तयार केला. त्यात समुपदेशन करणारे डॉक्टर नसतात, ट्रेनिंग घेतलेली साधी माणसं असतात. ती आधी नीट ऐकून घेतात, व्यसनाबद्दल माहिती देतात, तुम्ही आत्ता कसं निभावताय आणि त्याने काय होतंय ते तुमच्याबरोबर तपासतात, तुमच्या बाजूने कोण उभं राहील ते शोधतात. पिणारा आला नाही तरी चालतं! मला हे वाचून एकदम आपल्या तालुक्यांतल्या आशाताई आणि बचत गट आठवले. मुखेडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ रोज भेटणार नाही, पण ऐकून घेणारी शहाणी बाई गल्लीत एक तरी असतेच. तिला थोडं शिकवायची गरज आहे. हे काम कुणी मनावर का घेत नाही, देव जाणे.

तोवर त्या जागेत भलतीच माणसं शिरतात. एसटी स्टॅण्डच्या भिंती बघा. 'त्यांच्या नकळत दारू सोडवा, भाजीत मिसळा, गुण न आल्यास पैसे परत.' त्या पुडीत काय असतं कुणालाच ठाऊक नसतं. काही घरांत तर मेडिकलमधून डायसल्फिरामच्या गोळ्या आणून गुपचूप वरणात घालतात. ही गोळी खरी आहे, डॉक्टर ती देतात, पण पेशंटला सांगून आणि त्याच्या संमतीने. कारण ती पोटात असताना दारू प्यायली, की शरीरात विषारी द्रव्य साठतं. चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली. हृदय कमजोर असेल तर माणूस जाऊ शकतो. वरणातून गोळी खाल्लेल्या माणसाला माहीतच नसतं की आज पिऊ नये. तेव्हा प्लीज, हे कुणीही करू नका.

दुसरं डेंजर म्हणजे कोंडून ठेवणं. 'चार दिवस खोलीत बंद करा, उतरेल आपोआप.' रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढच्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, दरदरून घाम, भिंतीवर किडे दिसणं, माणसं न ओळखणं सुरू होऊ शकतं. गावात याला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करतात आणि हातातला वेळ निघून जातो. ही मेडिकल इमर्जन्सी आहे, यात मृत्यूही होतो. थेट हॉस्पिटल गाठायचं. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभागही आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, २०२२ पासून सुरू, मराठीत बोलतात. व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय नंबर १४४४६. आणि हे नंबर पिणाऱ्यासाठीच असतात असं नाही, त्याच्या मुलीनेही फिरवावा. खास करून तिने.

पण अमेरिकन पुस्तिका वाचून मुखेडच्या बाईला 'डिटॅच हो' सांगणं सोपं, असं मी म्हणणार नाही. घर नवऱ्याच्या नावावर, सातबारा त्याच्या नावावर, पोरीचं लग्न व्हायचंय, आणि माहेरी भाऊ-भावजय. ती कशापासून अलग होणार? इथे कायदा थोडा कामाला येतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २००६ मध्ये लागू झाला. त्यानुसार घर कुणाच्याही नावावर असो, बाईला त्यात राहायचा हक्क आहे. मारहाण तर आहेच, पण घरखर्चाला पैसे न देणं, तिच्या वस्तू परस्पर विकणं हाही छळच धरला जातो. तालुक्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. अंगावर हात पडत असेल तर वरचे सगळे 'सकाळी शांतपणे बोला'वाले फंडे बाजूला ठेवायचे. आधी सुरक्षित जागा, ११२ नाहीतर १८१, मग बाकीचं.

आणि आडवी बाटली? ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. महाराष्ट्रात २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी निवेदन दिलं, की गुप्त मतदान घेतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. कितीतरी गावांत बायकांनी हे करून दाखवलंय आणि ते ग्रेटच आहे. फक्त माझं म्हणणं एवढंच, की नोंदणीकृत दुकान बंद झालं तरी हातभट्टी आणि शिंदी असतेच, शेजारचं गाव असतंच. त्या मोहिमेतला खरा फायदा मला वेगळाच वाटतो. ज्या बाया आपापल्या घरात 'ह्यांना बरं नाही' म्हणत होत्या, त्या पहिल्यांदा एका सतरंजीवर बसून खरं काय ते बोलतात. तशा त्या मतदान संपल्यावरही दर आठवड्याला बसल्या तर?

आता आपल्याकडे येऊ. म्हणजे तुम्ही, जे वन बीएचकेमध्ये तिघांत राहता आणि महिन्याच्या एक तारखेला गावी पैसे पाठवता. दूर असण्याचा एक विचित्र गिल्ट असतो, मी इथे एसीत आणि माय तिथे. तो गिल्ट लोक पैशांनी फेडतात. माझ्या दोस्ताने नानांची उधारी तीनदा फेडली. तिसऱ्या वेळी तर उधारीवाल्यानेच त्याला थेट फोन करून आकडा सांगितला, वर 'तुम्ही आहात म्हणून देतो आम्ही' असं कौतुकही केलं! त्या फोननंतर त्याने पाठवायचे पैसे फोडले. बहिणीची फी थेट कॉलेजात, किराणा थेट दुकानदाराला, थोडे मायच्या स्वतःच्या बँक खात्यात, ज्याचं एटीएम कार्ड बहिणीकडे. नानांच्या खात्यात शून्य. पहिल्या महिन्यात प्रचंड तमाशा झाला. नानांनी फोन करून त्याला नाही नाही ते ऐकवलं, मामांनी 'बापाला तोडतोस का' म्हणून झापलं. मायसुद्धा दोनदा डगमगली. हे असं होणार हे त्याला आधी माहीत होतं, म्हणून तो टिकला. तुमच्या घरीही होईल. आधी वाढेल, मग बघू.

त्याने मायशी बोलण्याचीही वेळ वाटून घेतली. नऊच्या फोनवर पहिली दहा मिनिटं नानांचा विषय नाही. पहिल्या आठवड्यात त्या दहा मिनिटांत दोघांना बोलायला काही सापडेना! 'काय करलालास?' 'काही नाही, बसलालाव.' संपलं. सतरा वर्षांत दुसरा विषयच नव्हता. मग हळूहळू शेजारणीची सून, ज्वारीचा भाव, बहिणीला नर्सिंगला घालायचं की फार्मसीला...

बहीण आता दर रविवारी एका ऑनलाइन मीटिंगला बसते, खोलीचं दार लावून, कॅमेरा बंद ठेवून. तिथे काय बोलते ते तिने भावाला सांगितलेलं नाही आणि त्यानेही विचारलेलं नाही. स्वतः त्याने पुण्यात एका समुपदेशकाकडे जायला सुरुवात केली. बापासाठी नव्हे, स्वतःच्या झोपेसाठी. कुणी दरवाजा जोरात आपटला की तो अजून दचकतो. एक मुलगी आवडते त्याला, तिला घरचं कसं सांगायचं हा सध्याचा बर्निंग इश्यू आहे.

नाना अजून पितात. मध्यंतरी एकदा सकाळी चहा पिताना त्यांनी मायला विचारलं, नांदेडच्या डॉक्टरकडं किती दिवस राहावं लागतं? मायने उत्तर दिलं, फोन नंबरची चिठ्ठी देवळीत ठेवलीय म्हणून सांगितलं आणि कामाला लागली. पूर्वी असतं तर त्याच दिवशी एसटीत घालून घेऊन गेली असती. चिठ्ठी अजून देवळीतच आहे. माय मात्र मे महिन्यात भाचीच्या लग्नाला उदगीरला तीन दिवस राहून आली, एकटी. निघताना शेजारणीला किल्ली दिली, नानांना भाकरी-ठेच्याचं सांगितलं आणि मुलाला बजावलं की तीन दिवस मला फोन करू नको. परत आल्यावर तिनेच फोन केला, आणि पहिली दहा मिनिटं नाही, पूर्ण चाळीस मिनिटं लग्नातल्या जेवणाचं सांगत होती. वांग्याच्या भाजीत तेल जरा जास्तच होतं म्हणे.